सर्व्हरवरची अडगळ: डेबियन मिनिमल करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हर सांभाळणाऱ्या टीममध्ये नवा माणूस आला की पहिल्या महिन्यात तो हे प्रश्न घेऊन येतोच, म्हणून एकदाचे लिहून ठेवले. डेबियन म्हणजे लिनक्सचं एक वितरण. उत्तरं डेबियन १२ (बुकवर्म, जून २०२३) आणि डेबियन १३ (ट्रिक्सी, ऑगस्ट २०२५) डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. उबुंटूवर बहुतेक गोष्टी तशाच चालतात. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

मिनिमल म्हणजे किती एमबी?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि त्याला आकड्यात उत्तर नाही. डेबियनची कंटेनरसाठीची 'स्लिम' इमेज ७५ एमबीच्या आसपास भरते, पण तिच्यात कर्नल नाही, बूटलोडर नाही, सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) नाही. प्रत्यक्ष लोखंडावर चालणारा सर्व्हर तिच्याशी ताडून उपयोग नाही.

माझी कसोटी वेगळी आहे. सर्व्हरवरच्या कुठल्याही पॅकेजवर बोट ठेवून "हे कशाला आहे?" असं कोणी विचारलं, तर उत्तर देता आलं पाहिजे. तसंच कुठलं पोर्ट ऐकतंय आणि त्यामागे कोण बसलंय, हेही सांगता आलं पाहिजे. ही उत्तरं तयार असतील तर सर्व्हर चार जीबीचा असला तरी मी त्याला मिनिमल म्हणेन. पाचशे एमबीचा असून उत्तरं नसतील, तर तो नुसता बारीक आहे.

डिस्क एवढी स्वस्त झालीय. मग हा खटाटोप कशाला?

जागा वाचवायला नाही. जे पॅकेज मशीनवर आहे त्याचे सुरक्षा अपडेट येत राहतात, ते तपासावे लागतात, लावावे लागतात, कधी त्यासाठी रीबूटची वेळ मागून घ्यावी लागते. जे नाहीच, त्याची काळजी नाही.

डेबियनच्या बाबतीत आणखी एक खुबी आहे, जी रेड हॅटकडून आलेल्यांना धक्का देते. डेबियनवर सर्व्हिसचं पॅकेज बसवलं की ती सर्व्हिस सहसा लगेच सुरू होते आणि पुढच्या बूटलाही आपोआप येते. रेड हॅटच्या घराण्यात बहुतेक सर्व्हिस तुम्ही सुरू करेपर्यंत झोपलेल्या असतात. म्हणजे डेबियनवर चुकून आलेलं पॅकेज हा चुकून उघडलेला दरवाजा असू शकतो.

सप्टेंबर २०२४ मधलं कप्सचं प्रकरण आठवा. कप्स म्हणजे प्रिंटिंगची यंत्रणा. तिच्यातली कप्स-ब्राउज्ड नावाची सर्व्हिस यूडीपी ६३१ वर सगळ्या बाजूंनी ऐकत असे. बाहेरून एक पॅकेट पाठवून खोटा प्रिंटर घुसवता येत होता आणि पुढे कोणी प्रिंट दिली की हल्लेखोराची कमांड चालत होती. ज्यांच्या सर्व्हरवर कप्स नव्हतं त्यांनी बातमी वाचली आणि चहा प्यायला गेले. बाकीचे त्या दिवशी शोधत बसले की डेटाबेसच्या मशीनवर प्रिंटरची सर्व्हिस आली कुठून.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या प्रकल्पातला मागचा दरवाजा उघड केला. एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्या धाग्यावरून ते तिथे पोचले होते. आता एसएसएचचा आणि कॉम्प्रेशनचा संबंध काय? मूळ ओपनएसएसएचचा काहीच नाही. पण डेबियनसारख्या वितरणांनी "मी सुरू झालो" एवढंच सिस्टमडीला कळवण्यासाठी एसएसएचला लिबसिस्टमडी जोडली होती आणि तिच्या पाठोपाठ एक्सझेडची लिबएलझेडएमए आत आली. एका ओळीच्या सोयीसाठी अख्खी लायब्ररी. डेबियनची स्टेबल आवृत्ती यातून वाचली, टेस्टिंग आणि अनस्टेबलला मात्र झळ बसली. नंतर डेबियनने तो निरोप देण्याचं काम त्या लायब्ररीशिवाय करून घेतलं.

हे दुसरं प्रकरण पॅकेज काढून टळलं नसतं, हेही सांगायला हवं. एसएसएच कोण काढणार? पण कोण कोणाच्या खांद्यावर बसून आत येतं, हे पाहायची सवय त्यातूनच लागते.

फायरवॉल आहे ना पुढे?

आहे, आणि असूच दे. शेजारचं मशीन फुटलं की हल्ला फायरवॉलच्या आतूनच येतो.

चालू सर्व्हर सोलायचा की नवा बसवायचा?

जमत असेल तर नवा बसवा. सहा वर्षं चाललेल्या सर्व्हरवर कोणी कोणत्या रात्री काय बसवलं आणि कुठे कॉन्फिग ठेवलं हे कोणालाच आठवत नसतं. अशा मशीनवरून पॅकेज काढणं म्हणजे जुन्या वाड्याची भिंत पाडण्यासारखं आहे, तुळई कशावर टेकली आहे ते पाडल्यावर कळतं.

पण सोलण्याचा एक मोठा फायदा आहे. त्यातून यादी मिळते. म्हणून माझी पद्धत अशी: चालू सर्व्हरची हुबेहूब प्रत एका व्हर्च्युअल मशीनवर काढायची, तिथे सोलायचं, तोडायचं, पुन्हा जोडायचं. शेवटी जी पॅकेजांची यादी हातात राहते ती घेऊन नवा सर्व्हर उभा करायचा आणि जुना सन्मानाने बंद करायचा.

नवीन बसवताना इन्स्टॉलरमध्ये काय निवडू?

सॉफ्टवेअर निवडीच्या पडद्यावर डेस्कटॉप आणि ग्नोम (डेस्कटॉपचाच एक प्रकार) यांच्यावर आधीच खूण केलेली असते. घाईत एंटर दाबला की सर्व्हरवर ग्नोम येतं, आणि हे मी अनुभवी लोकांच्या हातून झालेलं पाहिलं आहे. दोन्ही खुणा काढा. एसएसएच सर्व्हर ठेवा. 'स्टँडर्ड सिस्टम युटिलिटीज' मी काढतो. तिच्यात मॅन पेजेस (कमांडची माहितीपत्रकं) वाचायची सोय आणि तशाच छोट्या वस्तू असतात, त्यातलं हवं ते नंतर नाव घेऊन बसवता येतं. जुन्या डेबियनमध्ये तर या स्टँडर्डमधूनच एक्झिम (मेल सर्व्हर) आणि आरपीसीबाइंड (नेटवर्क सेवांची पोर्ट सांगणारी सर्व्हिस) येऊन बसायचे, आणि पोर्ट १११ उघडं का आहे म्हणून ऑडिटवाले हटकायचे.

रूटचा पासवर्ड रिकामा ठेवलात तर इन्स्टॉलर सुडो बसवून पहिल्या वापरकर्त्याला अधिकार देतो. पासवर्ड दिलात तर सुडो येत नाही. हे माहीत नसलं की पहिल्या लॉगिननंतर पाच मिनिटं गोंधळात जातात.

चालू सर्व्हरवर सुरुवात कुठून करू?

आधी परत यायची वाट बांधा. व्हर्च्युअल मशीन असेल तर स्नॅपशॉट. खरं मशीन असेल तर बॅकअप, आणि आयपीएमआय किंवा आयएलओसारखा, दुरून थेट मशीनच्या पडद्यावर नेणारा कन्सोल चालतोय हे प्रत्यक्ष लॉगिन करून पाहणं. "असेल चालत" यावर विसंबू नका. कन्सोलचा पासवर्ड तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे असतो.

मग बाहेरून आत या. एसएस कमांडला टी, यू, एल, पी, एन हे पर्याय देऊन ऐकणारी पोर्ट बघा. समोर प्रोसेसचं नाव येतं. अवाही (नेटवर्कवरची उपकरणं शोधणारी सर्व्हिस) ५३५३ वर, कप्स ६३१ वर, आरपीसीबाइंड १११ वर दिसले, तर पहिल्या अर्ध्या तासाचं काम मिळालं. त्यानंतर सिस्टमसीटीएलने चालू सर्व्हिसची यादी काढा. मोडेममॅनेजर, ब्लूटूथ, डब्ल्यूपीए सप्लिकंट (वायफायसाठीचा) असले पाहुणे तिथे भेटतात. रॅकमधल्या मशीनला ब्लूटूथ कशाला हवं, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

पॅकेजांकडे सगळ्यात शेवटी वळायचं. डेबियनवर ती बसवायचं-काढायचं काम एपीटी करतं, त्याच्या खाली डीपीकेजी असतं. 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' चालवलं की मुद्दाम बसवलेली म्हणून नोंद असलेली पॅकेजं दिसतात. ही यादी फाइलमध्ये साठवा, प्रत्येक ओळीपुढे कारण लिहा. ज्या ओळीपुढे कारण सुचत नाही, ती संशयित. जागा कोण खातंय हे बघायचं असेल तर डेबियन-गुडीज नावाच्या पॅकेजमध्ये डीपिग्ज ही कमांड आहे, सगळ्यात मोठी डुकरं ती ओळीने उभी करते.

एखादं पॅकेज कोणामुळे आलंय हे कसं कळतं?

अ‍ॅप्टिट्यूडची 'व्हाय' ही उपकमांड साखळी दाखवते: याला त्याने मागितलं, त्याला अमक्याने सुचवलं. नुसत्या या कामासाठी अ‍ॅप्टिट्यूड बसवायचं नसेल तर एपीटी-कॅशच्या 'आरडिपेंड्स'ला 'इन्स्टॉल्ड' हा पर्याय द्या. साखळीत 'डिपेंड्स' (त्याच्याशिवाय चालतच नाही) आहे की 'रेकमेंड्स' (सहसा लागतं, पण नसलं तरी पॅकेज बसतं) हे नीट वाचा. काढण्याचा निर्णय त्या एका शब्दावर असतो.

रिमूव्ह आणि पर्ज यात फरक काय?

रिमूव्हने प्रोग्रॅम जातो, ईटीसी फोल्डरमधलं कॉन्फिग राहतं. पर्जने तेही जातं. आधी रिमूव्ह करून चुकलेल्यांचे अवशेष डीपीकेजीच्या यादीत 'आरसी' खुणेने दिसतात आणि एपीटीला तिल्दा-सी हा नमुना देऊन एकदम पर्ज करता येतात. सावधान, काही पॅकेजं पर्ज करताना डेटाही पुसायला निघतात. डेटाबेसच्या पॅकेजने प्रश्न विचारला तर तो वाचून उत्तर द्या.

ऑटोरिमूव्हवर डोळे मिटून विश्वास ठेवू का?

नको, आणि त्याचं कारण दोन्ही बाजूंनी आहे.

एक तर ते वाटतं त्यापेक्षा कमी काढतं. कोणतंही बसलेलं पॅकेज दुसऱ्याला 'रेकमेंड' करत असेल किंवा नुसतं 'सजेस्ट' करत असेल, तरी ऑटोरिमूव्ह त्या दुसऱ्याला हात लावत नाही. दोन्ही बंद करायच्या सेटिंग्ज एपीटीच्या कॉन्फिगमध्ये आहेत. ती बंद केली की एकदम लांबलचक यादी समोर येते आणि लोक खूश होतात.

इथेच दुसरी बाजू येते. त्या यादीत ग्रब, म्हणजे बूटलोडर, असू शकतो. कर्नल ग्रबला फक्त 'सजेस्ट' करतो, त्यामुळे ग्रब 'आपोआप आलेला' म्हणून नोंदलेला असेल तर एपीटीच्या हिशेबी तो अनाथ आहे. ओपनएसएसएच टास्कच्या मेटापॅकेजमार्फत (स्वतःत काही नसलेलं, फक्त इतर पॅकेजं ओढून आणणारं पॅकेज) आलेला असेल आणि तुम्ही ते मेटापॅकेज 'हे काय फालतू' म्हणून काढलंत, तर पाठोपाठ एसएसएचही निघतो. कर्नलचं मेटापॅकेज गेलं तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही, चालू कर्नल जागेवर असतो. फक्त त्यानंतर कर्नलचे सुरक्षा अपडेट येणं मुकाट्याने थांबतं. मला विचाराल तर हे तिसरं सगळ्यात घातक, कारण ते वर्षभर कळत नाही.

म्हणून सोलायला बसण्यापूर्वी 'एपीटी-मार्क मॅन्युअल'ने या गोष्टी खिळवून टाका: कर्नलचं मेटापॅकेज, ग्रब, ओपनएसएसएच-सर्व्हर, नेटवर्क आणणारं जे काही असेल ते, सुडो, आणि डिस्क एलव्हीएम, आरेड किंवा एन्क्रिप्शनवर असेल तर त्यांची पॅकेजं. मग प्रत्येक कमांड आधी 'सिम्युलेट' पर्यायाने चालवा. काय जाणार ते छापलं जातं, जात काही नाही.

रेकमेंड्स कायमचे बंद करून टाकू का?

२००९ मध्ये डेबियन ५.० (लेनी) आलं तेव्हापासून एपीटी रेकमेंड केलेली पॅकेजं आपोआप बसवतं. सर्व्हर फुगण्याचं पहिलं कारण हेच. एक छोटं साधन मागवलं की ते मेल सर्व्हर रेकमेंड करतं, आणि तुम्ही न मागता एक्झिम दारात उभा. त्यामुळे 'इन्स्टॉल-रेकमेंड्स' ही सेटिंग 'फॉल्स' करून ठेवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मीही तसंच करतो. पण डेबियनमध्ये रेकमेंड्सचा अर्थ "सर्वसाधारण माणसाला हे लागेलच" असा आहे, आणि काही ठिकाणी तो सर्वसाधारण माणूस तुम्हीच असता.

तीन ठिकाणी मी स्वतः ठेचकाळलो. कर्लची (वेबवरून फाइली आणणारं साधन) लायब्ररी सीए-सर्टिफिकेट्स (विश्वासू प्रमाणपत्रांचा संच) फक्त रेकमेंड करते. ते आलं नाही की प्रत्येक एचटीटीपीएस पत्त्यावर प्रमाणपत्राची तक्रार सुरू होते, आणि घाईतला माणूस पडताळणीच बंद करून मोकळा होतो. काट्याचा नायटा म्हणतात तो हाच. ओपनएसएसएच-सर्व्हर लिबपॅम-सिस्टमडीला (लॉगिन सेशनची नोंद सिस्टमडीकडे करणारं पॅकेज) रेकमेंड करतं. ते नसलं तर रीबूट दिल्यावर तुमचं एसएसएच सेशन सुटत नाही, खिडकी गोठून बसते. आणि कर्नल अ‍ॅपआर्मरला रेकमेंड करतो. डेबियन १० पासून अ‍ॅपआर्मर मूळ स्थापनेत चालू असतं, प्रोग्रॅमनी कशाला हात लावायचा याच्या मर्यादा ते घालतं. रेकमेंड्स बंद ठेवून डीबूटस्ट्रॅपने (इन्स्टॉलरशिवाय डेबियन मांडायचं साधन) उभारलेल्या मशीनवर ते येतच नाही. सुरक्षेसाठी सर्व्हर सडपातळ करायला निघालात आणि सुरक्षेचं कवचच बाहेर राहिलं.

बंद जरूर करा. मात्र एपीटी प्रत्येक वेळी "रेकमेंडेड पॅकेजेस" म्हणून जी ओळ छापतं, ती वाचायची शपथ घ्या.

कोणीतरी सर्व्हरवर डेस्कटॉप बसवून ठेवलाय. तो कसा काढू?

टास्कचं मेटापॅकेज आणि ग्नोमचं मूळ पॅकेज पर्ज करायचं, मग ऑटोरिमूव्ह, मग डिफॉल्ट टार्गेट (बूट झाल्यावर मशीन कुठल्या अवस्थेत येतं ते) ग्राफिकलवरून मल्टी-यूझरवर आणायचं. कृती एवढीच आहे. पण त्याआधी पुढचा किस्सा वाचा.

चाकणच्या एका कारखान्यातला सर्व्हर, मी पुण्यात घरी, रात्रीचे साडेदहा. एसएसएचवरून ग्नोम काढलं. हजारभर पॅकेजं झरझर गेली, एकही एरर नाही, नेटवर्कही चालू. समाधानाने रीबूट दिलं. मशीन परत आलं नाही. डेस्कटॉपसकट बसवलेल्या डेबियनमध्ये नेटवर्कचा कारभार नेटवर्कमॅनेजरकडे असतो आणि ईटीसी-नेटवर्क-इंटरफेसेस या फाइलीत लूपबॅकशिवाय (मशीनचा स्वतःशीच बोलायचा पत्ता) काही नसतं. ग्नोमबरोबर नेटवर्कमॅनेजर गेलं होतं. तोपर्यंतचा आयपी पत्ता कर्नलमध्ये शिल्लक होता म्हणून सगळं ठीक वाटत होतं, रीबूटने तोही पुसला. रात्री साडेअकराला मोटारसायकल काढली, गेटवरच्या वॉचमनला समजावण्यात अर्धा तास गेला आणि इंटरफेसेसमध्ये चार ओळी लिहायला दोन मिनिटं.

तेव्हा आधी इफअपडाउन किंवा सिस्टमडी-नेटवर्कडी यांपैकी एकाचं कॉन्फिग लिहा, डीएचसीपी वापरत असाल तर त्याचा क्लायंट आहे ना ते बघा, त्यावर एकदा रीबूट करून सर्व्हर वर आणा, आणि मगच ग्नोमला हात लावा.

कधीच काढू नये असं काय?

ज्यांच्यावर 'इसेन्शियल' ची खूण आहे ती: बॅश, डॅश, कोअरयुटिल्स, डीपीकेजी, ग्रेप, सेड, टार, पर्ल-बेस वगैरे. ही पॅकेजं असतीलच असं गृहीत धरून बाकीची पॅकेजं त्यांचं नावही घेत नाहीत.

पूर्वी एपीटी अशा वेळी "यस, डू अ‍ॅज आय से!" हे वाक्य अक्षरशः टाइप करायला लावायचं. २०२१ च्या नोव्हेंबरात एका गाजलेल्या यूट्यूब चॅनेलवर पॉप ओएस या उबुंटूवर आधारलेल्या वितरणात स्टीम (गेमचं सॉफ्टवेअर) बसवताना ते वाक्य टाइप झालं आणि अख्खा डेस्कटॉप कॅमेऱ्यासमोर नाहीसा झाला. त्यानंतर एपीटीने ही वाटच बंद केली. आता नुसतं वाक्य टाइप करून चालत नाही, वेगळा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. तो पर्याय देण्याची वेळ माझ्यावर तरी कधी आलेली नाही.

घड्याळ जुळवणाऱ्या टाइमसिंकडी किंवा क्रोनी यांपैकी एक राहू द्या, हेही इथेच सांगतो. घड्याळ सरकलं की टीएलएस प्रमाणपत्रं, ओटीपी, लॉगमधली वेळ, सगळ्यांची एकदम बोंब होते.

फर्मवेअर आणि जुने कर्नल काढले तर बरीच जागा मिळेल ना?

जुने कर्नल जरूर काढा, चालू असलेला आणि त्याच्या आधीचा असे दोन ठेवून. बुकवर्ममध्ये एकेक कर्नल काहीशे एमबी खातो, आणि बूटचं वेगळं छोटं पार्टिशन असेल तर ते भरल्यावर पुढचा अपडेट अर्ध्यात लटकतो.

फर्मवेअरचं उत्तर मशीनवर अवलंबून आहे. व्हर्च्युअल मशीनला सहसा काहीच लागत नाही, तिथे फर्मवेअर काढा आणि 'क्लाउड' जातीचा कर्नल वापरा. त्यात खऱ्या हार्डवेअरचे बहुतेक ड्रायव्हर वगळलेले आहेत. खऱ्या मशीनवर मात्र काही नेटवर्क कार्डं फर्मवेअरशिवाय उठतच नाहीत, आणि हे कळतं पुन्हा रीबूटनंतरच. डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) फर्मवेअर लोड झाल्याच्या ओळी शोधा. डेबियन १२ पासून अशा फर्मवेअरसाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असा वेगळा विभाग केला आहे, सोर्सेसच्या यादीत तो नसेल तर नंतर परत बसवतानाही अडाल.

क्लाउड-इनिट काढू का?

क्लाउडवरचा नवा सर्व्हर पहिल्या बूटला मांडून देणं हे त्याचं काम. सर्व्हर एकदा उभा राहिला की ते संपतं असं म्हणतात. तरी काही ठिकाणी नेटवर्कचं कॉन्फिग तेच दर बूटला तपासतं. आधी क्लाउड-इनिटचं कॉन्फिग वाचा, नेटवर्क स्वतःच्या हाताने लिहा, मग काढा. क्यूईएमयूचा गेस्ट एजंट (व्हर्च्युअल मशीनच्या आत राहून होस्टशी बोलणारा) ठेवा, स्नॅपशॉट घेताना फाइलसिस्टम क्षणभर थांबवायला होस्टला त्याचीच मदत होते.

पायथन, पर्ल, जीसीसी?

पर्ल-बेसला हात लावायचा नाही, वर सांगितलं. पायथन डेबियनमध्ये इसेन्शियल नाही, पण अन्सिबलने (बरेच सर्व्हर एका जागेवरून सांभाळायचं साधन) सर्व्हर चालवत असाल तर लक्ष्य मशीनवर पायथन लागतोच. आपोआप अपडेट लावणारं अनअटेंडेड-अपग्रेड्सही पायथनमध्येच लिहिलेलं आहे. जीसीसी (कंपायलर) आणि बिल्ड-इसेन्शियल मात्र प्रॉडक्शनवरून घालवा. अपवाद डीकेएमएसचा: झेडएफएससारख्या फाइलसिस्टमचं मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नलबरोबर तिथेच कंपाइल होत असेल, तर कंपायलर गेल्यावर पुढच्या कर्नलनंतर डिस्क माउंट होणार नाहीत.

मॅन पेजेस, डॉक्युमेंटेशन, भाषांच्या फाइली उडवू?

हाताने आरएम करून उडवू नका. पुढच्या अपडेटला त्या सगळ्या परत येतात. डीपीकेजीच्या कॉन्फिगमध्ये 'पाथ-एक्सक्लूड' लिहून ठेवा, म्हणजे नव्या बसणाऱ्या पॅकेजांतून त्या फाइली गाळल्या जातात. कॉपीराइटच्या फाइली 'पाथ-इन्क्लूड'ने राखा, परवान्यांचा प्रश्न असतो. खरं सांगायचं तर कंटेनर सोडून इतरत्र मी हे करत नाही. रात्री दोन वाजता इंटरनेट नसताना मॅन पेज हाच सोबती असतो.

सर्व्हरवर मराठी मजकूर आहे. वेगळं काही बघायचं?

हो, आणि हे परदेशी मार्गदर्शकांत सापडत नाही.

'हेडलेस सर्व्हरला फॉण्ट कशाला' म्हणून फॉण्टची पॅकेजं पहिल्या झटक्यात काढली जातात. एसएसएचवर काम करताना त्यांची गरज नसतेच, अक्षरं तुमच्या लॅपटॉपचा टर्मिनल रंगवतो. पण तोच सर्व्हर पावत्या, दाखले, गुणपत्रिका यांच्या पीडीएफ बनवत असेल, तर फॉण्ट सर्व्हरवरच लागतात. ते गेले की प्रोग्रॅम एरर देत नाही, पीडीएफही तयार होते, फक्त नावाच्या जागी चौकोन छापले जातात. लोहित किंवा नोटो यांपैकी एकाचं देवनागरीचं पॅकेज मॅन्युअल म्हणून खिळवा आणि सोलून झाल्यावर एक पीडीएफ काढून जोडाक्षरांसह वाचून बघा.

दुसरं लोकॅलचं, म्हणजे भाषा आणि प्रदेशाच्या नियमांचं. पोस्टग्रेसचा डेटाबेस मराठी-भारत लोकॅलवर बनवलेला असेल आणि तुम्ही लोकॅल्स पॅकेज पर्ज केलंत, तर पोस्टग्रेस तो डेटाबेस उघडायलाच नकार देतं. "मग सी-यूटीएफ-८ वर जाऊ, देवनागरी त्यातही साठते" असं कोणी म्हणेल. साठते, खरं आहे. क्रम मात्र युनिकोडच्या आकड्यांनुसार लागतो, आणि युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. मतदारयादी किंवा शब्दकोश लावताना हा फरक पहिल्याच पानावर दिसतो.

सर्व्हिस नुसती डिसेबल केली तर चालणार नाही का?

डिसेबल म्हणजे बूटला सुरू होऊ नको, एवढंच. दुसऱ्या सर्व्हिसने मागितलं किंवा सॉकेटवर कोणी ठोठावलं तर ती उठते. मास्क केलं तर उठत नाही. ज्या पॅकेजला काढता येत नाही त्याच्यासाठी मास्क ठीक आहे, बाकी पर्ज.

एका कमांडमध्ये सगळं साफ करणारी स्क्रिप्ट मिळाली आहे. चालवू?

नको.

मग अडचणीच्या वेळी लागणारी साधनंही काढायची?

यावर आमच्यातच दोन तट आहेत. एक म्हणतो, टीसीपीडम्प (नेटवर्कची पॅकेट पाहायला) आणि एसट्रेस (प्रोग्रॅम आत काय करतोय ते पाहायला) सर्व्हरवर ठेवणं म्हणजे चोरासाठी शिडी भिंतीला लावून ठेवणं. दुसरा म्हणतो, लागेल तेव्हा बसवू म्हणणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. मी मधली रेघ अशी ओढतो: नेटवर्क बंद असताना जे लागेल ते मशीनवरच ठेवायचं, कारण तेव्हा एपीटी चालणार नाही. आयपीरूट२, ईथटूल, एलएसओएफ, लेस, एक साधा एडिटर, टीमक्स. नेटवर्क चालू असताना जे लागतं ते तेव्हा बसवायचं आणि काम झाल्यावर पर्ज करायचं. एसट्रेस मी ठेवतो. मशीनवर रूट मिळवलेल्या चोराला माझ्या एसट्रेसची गरज नसते.

अल्पाइन का नाही? किंवा विंडोज सर्व्हर कोअर?

अल्पाइनची इमेज दहा एमबीच्या आत असते, पण तिथे जीलिबसी (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) नसून मसल आहे आणि जीएनयूच्या साधनांऐवजी बिझीबॉक्स. बाहेरून विकत घेतलेलं, जीलिबसीसाठी कंपाइल केलेलं सॉफ्टवेअर तिथे सहजासहजी चालत नाही. कंटेनरसाठी छान आहे. विंडोजच्या जगात सर्व्हर कोअर २००८ पासून आहे. त्याहून लहान नॅनो सर्व्हर २०१६ मध्ये आलं आणि वर्षभरातच फक्त कंटेनरपुरतं उरलं. फारच सोललं की काय होतं त्याचा तो नमुना. उबुंटूच्या मिनिमल इमेजसाठी तर 'अनमिनिमाइझ' नावाची कमांडच आहे, काढलेलं परत आणायला.

सहा महिन्यांत सर्व्हर पुन्हा फुगतो. काय करू?

कारणांसकटची शोमॅन्युअलची यादी गिटमध्ये ठेवा. दर सोमवारी क्रॉनने ताजी यादी काढून तिच्याशी ताडायची आणि फरक असेल तर मेल यायची. ऐकणाऱ्या पोर्टांचंही तसंच. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात एचटॉप सापडलं, दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी चाचणीसाठी बसवलेला रेडिस. एचटॉपपुढे कारण लिहून ते यादीत घेतलं. रेडिस कोणी बसवला हे विचारल्यावर तीन जणांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दुपारच्या जेवणानंतर तो आपोआप नाहीसा झाला होता.